यार्ड सेल करावा की सगळं देऊन टाकावं?

अबोली (१२ एप्रिल)

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून आम्ही कायमचे पुण्याला चाललोय. घर विकायला लावलंय, तिकिटं काढून झालीत, राहिलंय ते सामान. जेवणाचं टेबल, सोफे, पोरांच्या सायकली, गवत कापायचं आणि बर्फ काढायचं यंत्र, ११० व्होल्टवर चालणारा मिक्सर, वेट ग्राइंडर, गणपतीच्या मखराचे लाकडी खांब, मराठी पुस्तकांची खोकी आणि एक हार्मोनियम. कंटेनरमधून यातलं फारच थोडं जाणार आहे.

नवरा म्हणतो, ट्रक बोलावू, सगळं दान करू आणि मोकळे होऊ. मला यार्ड सेल, म्हणजे घरापुढच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री, करायचाय. चार पैसे सुटतील हे आहेच. पण हा संसार आम्ही एकेक वस्तू जोडत उभा केला, तर त्या वस्तू कोणाच्या घरी जातायत हे डोळ्यांनी बघावंसं वाटतं.

ज्यांनी केलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. एवढा घाट घालण्याजोगं असतं का ते? किमती कशा लावायच्या? आणि विकायला काय ठेवूच नये?

सुगरणपक्षी (१२ एप्रिल)

जरूर कर! जाहिरातीत 'सकाळी ८' लिहिलंस तरी सहाला तयार राहा. जुन्या वस्तूंचे व्यापारी उजाडायच्या आत टॉर्च घेऊन येतात. आमच्याकडे असेच एक आजोबा आले, त्यांनी न सांगता टेबलं मांडायला हात लावला, आणि मग पहिली निवडही हक्काने त्यांनीच केली :)

पागोळी (१२ एप्रिल)

अबोली, आम्ही ओहायोत असतो आणि आमच्या वसाहतीचा सामुदायिक गराज सेल दर वसंतात असतो. त्या अनुभवावर लिहिते.

आधी तुमच्या टाउनशिपच्या (म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनाच्या) ऑफिसात फोन कर. बऱ्याच गावांत परवाना लागतो, वर्षातून किती वेळा सेल करता येईल यावर मर्यादा असते आणि विजेच्या खांबांना पाट्या लावलेल्या चालत नाहीत. वसाहतीची असोसिएशन असेल तर तिचे नियम वेगळे. पाटीवर वार, वेळ आणि ठसठशीत बाण एवढंच हवं. चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. सेल संपला की पाट्या त्याच संध्याकाळी काढायच्या. महिनोन्महिने भिजत पडलेल्या पाट्या बघितल्या की मला फार राग येतो.

सुट्टे पैसे आदल्या दिवशी बँकेतून आणून ठेव. एक डॉलरच्या नोटा भरपूर, क्वार्टर्सचे (२५ सेंटच्या नाण्यांचे) रोल. पहिलंच गिऱ्हाईक ५० सेंटची वस्तू उचलून २० ची नोट पुढे करतं. पैशांचा डबा टेबलावर ठेवू नकोस, कमरेला पाऊच बांध. तरुण मंडळींकडे हल्ली रोख नसते, त्यांच्यासाठी व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपचा कोड छापून चिकटव.

किंमत साधारण नव्याच्या दहा ते तीस टक्के धर. कपडे एक-दोन डॉलर, पुस्तकं त्याहून कमी. आणि प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून किंमत लिहीच. किंमत लिहिलेली नसेल तर बरेच लोक विचारतच नाहीत, वस्तू खाली ठेवतात आणि चालू पडतात. विजेच्या वस्तू चालवून दाखवायला एक्स्टेंशन कॉर्ड बाहेर काढून ठेव. लॉनमोअर, शिड्या, हत्यारांची पेटी हे रस्त्याच्या कडेला मांड, त्यांच्याकडे बघून गाड्या थांबतात. घराला मात्र कुलूप. बाथरूम वापरू का असं कोणी विचारलं तर जवळचा पेट्रोल पंप दाखव.

दूरदेशी (१३ एप्रिल)

मी अबोलीच्या नवऱ्याच्या बाजूचा आहे. आठवडाभर सामान उपसायचं, पुसायचं, किमती लावायच्या, शनिवार उन्हात काढायचा, आणि हातात काय येतं? चांगला दिवस गेला तर दोन-तीनशे डॉलर. देश सोडण्यापूर्वीच्या त्या आठवड्यांत वेळ ही सगळ्यात महाग गोष्ट असते. बँका, शाळेचे दाखले, घराची कागदपत्रं, मित्रांचे निरोप. मोठ्या वस्तू फेसबुक मार्केटप्लेसवर टाका, बाकीच्या दान करा. दानाची पावती मिळते, करात सूटही मिळते.

हिशेबनीस (१३ एप्रिल)

दूरदेशी, करसवलतीचं पूर्ण चित्र सांगतो. वस्तू दान केल्याची वजावट फक्त तपशीलवार वजावट (एकेक खर्च-देणगी वेगळी दाखवून) घेणाऱ्यांना मिळते. २०१८ पासून प्रमाणित वजावट (तपशील न देता मिळणारी ठरावीक रक्कम) एवढी वाढली की बहुतेक कुटुंबं ती सरसकटच घेतात, म्हणजे वस्तूंची पावती फाइलमध्ये राहते, कर कमी होत नाही. जे तपशीलवार घेतात त्यांनी वस्तूंचं दान ५०० डॉलरच्या वर गेलं तर फॉर्म ८२८३ भरायचा. कपडे आणि घरगुती सामान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत हवं.

उलट बाजूने, यार्ड सेलच्या पैशांवर कर लागेल अशी भीती अनेकांना वाटते. घरातली वापरलेली वस्तू घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली तर उत्पन्न होत नाही, त्यामुळे करही नाही. तो तोटा कुठे दाखवताही येत नाही. एखादी वस्तू खरेदीपेक्षा जास्त किमतीला गेली, तरच नफ्याचा प्रश्न येतो.

दूरदेशी (१३ एप्रिल)

माहितीबद्दल धन्यवाद हिशेबनीस. कराचा मुद्दा मागे घेतो, वेळेचा कायम ठेवतो.

काजवा (१३ एप्रिल)

अबोलीच्या शेवटच्या प्रश्नावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे हे मला फार जवळचं आहे.

बाळाचा पाळणा विकणार असाल तर तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. एक बाजू वरखाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकायला बंदी आहे, आणि ती तुमच्या अंगणातल्या विक्रीलाही लागू आहे. त्या सरकत्या बाजूच्या फटीत बाळं अडकून दगावली होती. तान्ह्या बाळांना निजवायच्या उतरत्या खाटा (इन्क्लाइन्ड स्लीपर) २०२२ च्या कायद्याने बंद झाल्या. कंपनीने परत मागवलेली कोणतीही वस्तू विकणं बेकायदा आहे. ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकला की लगेच कळतं.

कार सीटवर मुदत छापलेली असते, साधारण सहा ते दहा वर्षं. मुदत संपलेली किंवा अपघातात सापडलेली सीट फुकटसुद्धा देऊ नका, पट्टे कापून टाका म्हणजे कचऱ्यातून उचलून कोणी वापरणार नाही. आपटलेल्या हेल्मेटचंही तेच. समोरची आई विश्वासाने घेते, तिला तुम्ही कधी पुन्हा भेटत नाही. म्हणून ही काळजी विकणाऱ्यानेच घ्यायची.

अबोली (१३ एप्रिल)

काजवा, मनापासून आभार. माळ्यावर धाकट्याची कार सीट आहे, आजच मुदत बघते.

तिठा (१४ एप्रिल)

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू इथे अजून आलेली नाही.

एमएससाठी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आलो तेव्हा दोन बॅगा आणि शिष्यवृत्ती एवढंच होतं. तिथे १५ ऑगस्टच्या सुमारास निम्म्या शहराचे भाडेकरार बदलतात. रस्त्याच्या कडेला सोफे, दिवे, टेबलं यांचे ढीग लागतात. गावातले लोक त्याला 'हिप्पी ख्रिसमस' म्हणतात. पण कडेला टाकलेलं उचलणं वेगळं आणि कोणाच्या अंगणातून घेणं वेगळं. अंगणात माणूस भेटतो. एका निवृत्त बाईंनी मला अभ्यासाचं टेबल पाच डॉलरला दिलं, गाडी नव्हती म्हणून त्यांच्या नवऱ्याने ते घरापर्यंत आणून पोचवलं, आणि पहिल्या थँक्सगिव्हिंगला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आजही आमचं येणंजाणं आहे.

दूरदेशी, वेळेचा तुमचा हिशेब बरोबर असेल. पण नव्याने आलेल्या माणसाला सेलच्या अंगणात जे मिळतं ते फक्त टेबल नसतं.

विद्यार्थ्यांना एक कळकळीची विनंती: गाद्या आणि कापडी सोफे शिवणीपर्यंत तपासल्याशिवाय घेऊ नका. ढेकूण एकदा घरात शिरले की बाहेर काढायला फार पैसे जातात.

खारीक (१४ एप्रिल)

तिठा, काय सुंदर अनुभव!

माझा अनुभव घासाघिशीचा. एका बाईंनी चार डॉलरचं भांडं दोनला मागितलं, मी हो म्हटलं, तर म्हणाल्या 'मग एकला दे'. मी दिलं नाही. कमी करायला हरकत नाही, पण हो म्हटल्यावर पुन्हा मागणं मला पटत नाही.

सातारी (१४ एप्रिल)

खारीकताई, मला तर तीच सगळी मजा वाटते. भावच करायचा नसेल तर दुकानात जावं की. माझी पद्धत अशी: सकाळी दहापर्यंत लिहिलेल्या भावातून फार कमी करायचं नाही, दहानंतर कोणी दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर मोकळ्या हाताने सोडायचं, बारानंतर 'पिशवी भरा, दोन डॉलर'. आणि एक 'फुकट' लिहिलेलं खोकं सकाळपासून रस्त्याच्या कडेला. पोरं त्याच्याकडे धावतात, आईबाप मागून येतात.

निवडुंग (१४ एप्रिल)

सातारी, खोक्याला +१. आमच्या सेलला एक काका सगळं बघून झाल्यावर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, 'तू बसलीयेस ती खुर्ची कितीला?' दिली पाच डॉलरला. उरलेला सेल उभ्याने केला, पण काका भलतेच खूश होऊन गेले.

रानजाई (१५ एप्रिल)

धागा हसतखेळत चाललाय, तरी एक जड बाजूही लिहिते.

माझे सासरे कॅनडात, ओटावाला वारले. त्यांचं घर रिकामं करायला आम्ही सेल केला. आपल्या गेलेल्या माणसाच्या सामानाचा सेल फार वेगळा असतो. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी लोक उलटून बघत होते. ज्या तबल्यावर ते रोज पहाटे बसायचे, त्यावर कोणीतरी टिचक्या मारत होतं. तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकानंतर सासूबाई आत निघून गेल्या, आणि मला त्यांच्यासोबत आत जाता येईना, कारण बाहेर माणसं उभी होती.

ज्यांना असा सेल करायचाय त्यांना सांगेन, घरच्यांनी विक्रीला बसू नये. मित्रांना बसवा, किंवा इस्टेट सेल (गेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाची विक्री) करून देणाऱ्यांना टक्केवारीवर काम द्या. आधी घरच्यांनी मनाजोगत्या वस्तू बाजूला काढाव्यात, आणि ती खोली बंद करून मगच दार उघडावं. कोट-पर्सचे खिसे आणि पुस्तकांची पानं झटकून बघा. आम्हाला एका पंचांगात सासऱ्यांच्या आईचं हाताने लिहिलेलं पत्र सापडलं.

अबोली, तुझी गोष्ट वेगळी आहे, तुम्ही आनंदाने घरी चाललात. पण मुलांना विचारल्याशिवाय त्यांची खेळणी बाहेर मांडू नकोस.

पागोळी (१५ एप्रिल)

रानजाई, हे लिहिलंस हे फार बरं केलंस. मुलांच्या बाबतीत आमच्याकडे नियम आहे: कोणतं खेळणं द्यायचं ते मुलांनी ठरवायचं, त्याचे पैसे मुलांचे. लिंबू सरबताचं टेबलही त्यांचंच. धाकटीने स्वतःहून सायकल काढली आणि तिच्याहून लहान मुलीला ब्रेक कसा दाबायचा ते शिकवूनच दिली.

कोकमसार (१५ एप्रिल)

अवांतर, पण या विषयाला धरून. एका चिनी भांड्याची गोष्ट माहीत आहे का? न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने २००७ साली यार्ड सेलमधून तीन डॉलरला एक पांढरा वाडगा घेतला आणि दिवाणखान्यात ठेवला. तो निघाला सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, उत्तर सोंग राजवटीच्या काळातला. मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात तो २२ लाख डॉलरच्या वर गेला.

सुगरणपक्षी (१५ एप्रिल)

म्हणून ते आजोबा टॉर्च घेऊन येतात!

मैलाचा_दगड (१६ एप्रिल)

सेलवेड्यांनी एकदा हायवे १२७ चा सेल बघावाच. १९८७ पासून दर ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो, रविवारपर्यंत चालतो. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत सुमारे ६९० मैल, सहा राज्यं. हमरस्ता सोडून लोकांनी या गावांतून जावं म्हणून टेनेसीतल्या मंडळींनी ही कल्पना काढली. आम्ही केंटकी-टेनेसीचा पट्टा केला. शेतात तंबू, घरच्या मुरंब्यांच्या बाटल्या, गोधड्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग. एका आजींकडून घेतलेली गोधडी बघून माझी आई म्हणाली, हिचा धावदोरा आपल्यासारखाच आहे.

रानजाईंच्या ओटावातही ग्लीब भागात मेअखेरच्या एका शनिवारी अख्ख्या मोहल्ल्याचा सेल असतो, १९८६ पासून. विक्रीतला काही भाग शहराच्या अन्नपेढीला द्यावा अशी पद्धत आहे.

ट्यूलिप_आणि_तुळस (१६ एप्रिल)

नेदरलँड्सकडून. आमच्याकडे राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, रस्त्यावर कोणीही विनापरवाना वस्तू विकू शकतो. त्या दिवशी रविवार आला तर आदल्या दिवशी. ॲमस्टरडॅमचं वोंडेलपार्क मुलांसाठी राखीव असतं. चादर पसरून पोरं जुनी खेळणी विकतात, कोणी व्हायोलिन वाजवतं, सगळं नारिंगी. माझ्या लेकाने पहिल्यांदा स्वतः पैसे मोजले ते तिथेच.

शेवंती (१६ एप्रिल)

गोंयकार हजर. आमच्या हणजूणचा बुधवारचा बाजारही असाच सुरू झाला. सत्तरच्या दशकात हिप्पी लोक परतीच्या प्रवासासाठी किंवा अजून थोडे दिवस राहता यावं म्हणून स्वतःचे कपडे, कॅमेरे, पुस्तकं किनाऱ्यावर विकायचे. आता तिथे सगळा नवा माल असतो. जुन्या लोकांना त्या पहिल्या बाजाराची फार हळहळ वाटते, मलाही.

दूरदेशी (१७ एप्रिल)

वाचायला मजा येतेय. एक प्रश्न मात्र मनात येतो: आपल्याकडे पुण्या-मुंबईत असे सेल का रुजले नाहीत?

पेठकर (१७ एप्रिल)

दूरदेशी, आपल्याकडे वस्तूला दाराशीच वाट होती. कपड्यांवर बोहारीण भांडं देऊन जायची, रद्दीवाला तराजू घेऊन यायचा, उरलेलं भंगारवाला न्यायचा, आणि धडकं-चांगलं ते घरकामाच्या मावशींना किंवा गावच्या भाचरांना. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतोच. शिवाय शेजाऱ्याने आपली वापरलेली वस्तू विकत घ्यायची आणि आपण पैसे घ्यायचे, याचा दोघांनाही संकोच वाटतो. माझ्या मते हा संकोच आता सोडावा. फ्लॅटमधल्या माणसाला मोठा सोफा द्यायचा तर कुठे द्यायचा हे कळत नाही.

अबोली, पुण्यात आल्यावर उपयोगी पडेल म्हणून सांगतो: 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करण्याचे दिवस ठेवते. तिथे दिलेल्या वस्तूंवर त्या बायकांना कमाई होते.

हिशेबनीस (१८ एप्रिल)

विजेच्या वस्तूंबद्दल राहिलं. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ; भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ज्याच्या पाठीवर '१००-२४०' लिहिलंय ते चार्जर, लॅपटॉप बिनधास्त न्या. मिक्सर, ग्राइंडर, टोस्टर, व्हॅक्यूम इथेच विका. आपला ११० चा मिक्सर देशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तासाभरात जातो. यार्डमध्ये त्याचं मोल कोणाला कळणार नाही.

रानजाई (१८ एप्रिल)

आणि मराठी पुस्तकं अंगणात मांडू नकोस गं. महाराष्ट्र मंडळाचं वाचनालय किंवा मराठी शाळा बघ.

अबोली (१५ जून)

मंडळी, सेल झाला! तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत म्हणून सविस्तर लिहितेय.

टाउनशिपचा परवाना घेतला, शेजारच्या दोन घरांना सामील केलं, त्यामुळे गर्दी चांगली झाली. टॉर्चवाले साडेसहाला आले. हत्यारं, बागेचं सामान, सायकली आणि काचेची भांडी पहिल्या दोन तासांत गेली. बर्फ काढायचं यंत्र जूनमध्ये कोण घेणार असं सगळे म्हणत होते. शेजारच्या गावात नुकतंच पहिलं घर घेतलेल्या जोडप्याने नेलं. जेवणाचं टेबल मार्केटप्लेसवर टाकलं होतं, तीन लोक येतो म्हणून आलेच नाहीत, शेवटी अंगणातूनच एका नर्सबाईंनी घेतलं. त्यांच्या घरी आजी-आजोबा धरून आठ माणसं आहेत. हे ऐकून मी पन्नास डॉलर कमी केले आणि मला ते कमी केल्याचं समाधान आहे.

कपडे अजिबात गेले नाहीत. सोफ्याला कोणी हात लावला नाही. दोन डॉलरच्या पिशवीचा सातारींचा उपाय दुपारी कामाला आला. मिक्सर-ग्राइंडर व्हॉट्सॲपवर गेले. पुस्तकं आणि मखराचे खांब मंडळाने नेले. हार्मोनियम सेलला ठेवलीच नाही, मराठी शाळेला दिली, पोरं आता तिच्यावर प्रार्थना म्हणतात. कार सीटची मुदत संपली होती, पट्टे कापले.

पैशांचं म्हणाल तर दूरदेशींच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त मिळाले, तीन घरांची गर्दी आणि मोठ्या वस्तू यामुळे. पण थकवाही त्यांनी सांगितला तेवढाच आला. नवरा अजून म्हणतो ट्रक बरा होता. मी पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा सेलच करेन.

आता दोन गाद्या उरल्यात. दान घेणारे घेत नाहीत. काय करू?

पागोळी (१५ जून)

अभिनंदन अबोली! वापरलेल्या गाद्या बहुतेक संस्था घेत नाहीत. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि कॅलिफोर्नियात गाद्या परत घेऊन पुनर्वापर करण्याची सोय कायद्यानेच आहे. तुमच्याकडे टाउनशिपच्या मोठ्या कचऱ्याच्या दिवसाची चौकशी कर. गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला सांगतात बऱ्याच ठिकाणी.

दूरदेशी (१६ जून)

अबोली, अभिनंदन. त्या आठ माणसांच्या टेबलाबद्दल वाचून बरं वाटलं. माझं मत मात्र अजून तेच आहे: ज्यांना शेजारी मदतीला नाहीत त्यांनी या फंदात पडू नये.

नवी_पालवी (१६ जून)

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, अंगणच नाही. सप्टेंबरमध्ये टेक्सासला चाललोय. आमच्यासारख्यांनी काय करावं?

सातारी (१६ जून)

पालवी, मॅनेजरकडून पार्किंगच्या कोपऱ्याची लेखी परवानगी काढ आणि तुमच्यासारखीच अजून तीन-चार बिऱ्हाडं गोळा कर. ऑगस्टच्या मध्यावर कर, नवे विद्यार्थी त्याच वेळी येतात. पाटीवर पावसाची पर्यायी तारीख आठवणीने लिही.